पाच मैलांचा हिशेब

आज 16 ऑगस्ट. 1942 साली या तारखेला नागपंचमी होती. आपल्याकडचा शेतकरी त्या दिवशी वावरात नांगर घालत नाही, खणत नाही. मातीच्या पोटात जे आहे त्याला एक दिवस धक्का लावायचा नाही, एवढी साधी समजूत. त्या दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतली आणि आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघाली. गोळीबार झाला, गावकरी पडले, खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. पुढे खटले चालले आणि फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. आष्टी-चिमूरच्या कैद्यांना फासावरून सोडवण्यासाठी अनसूयाबाई काळ्यांनी जिवाचे रान केले. गावाच्या नावामागे ‘शहीद’ हा शब्द लागला तो या दिवसामुळे.

खेड्यांतून आलेली ती माणसे श्रावणातला चिखल तुडवत, भरलेले नाले ओलांडतच आली असणार. त्यांच्या पांदणींचे, म्हणजे शेतवाटांचे, काय झाले, हा प्रश्न आजच्या दिवशी विचारायचा नाही असे कुणी म्हणेल. आम्हाला तो आजच विचारावासा वाटतो. त्याला कारण आहे.

आष्टीच्या गोळीबारानंतर सोळा महिन्यांनी, डिसेंबर 1943 मध्ये, नागपुरात देशभरच्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते जमले. बैठक इंग्रजांच्या राज्यातली, विषय युद्धानंतरच्या रस्त्यांचा. तिथे वीस वर्षांचा जो आराखडा ठरला तो ‘नागपूर प्लॅन’ म्हणून स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आजही पाठ करावा लागतो. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही उतरंड तिथलीच. दर 100 चौरस किलोमीटरला 16 किलोमीटर रस्ता हे लक्ष्यही तिथलेच. पण त्या आराखड्यातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती एक अट. शेतीने पुढारलेल्या भागातले कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे त्यात म्हटले होते. परक्या सरकारच्या अभियंत्यांनी पट्टी ठेवली ती गावाच्या वेशीपासून. गाव रस्त्यापासून किती लांब, हा त्यांचा प्रश्न होता.

आता पट्टी कुठून कुठे ठेवली जाते ते पाहा. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा 5 जून 2025 रोजी, म्हणजे नेमका जागतिक पर्यावरण दिनी, खुला झाला. नागपूरहून मुंबई आठ तासांत, ही त्याची ओळख. ती खोटी नाही; त्या रस्त्याने गेलेला माणूस खूश होऊन परततो, आम्हीही झालो. वर्धा जिल्ह्यात हा रस्ता सेलू, वर्धा, आर्वी या तालुक्यांतून जातो. आष्टी तालुक्याला तो शिवतही नाही. आष्टीच्या माणसाला त्यावर चढायचे तर आधी आर्वी गाठायची, मग विरुळ. तिथपर्यंतच्या प्रवासाचा वेळ त्या आठ तासांत कुणी धरलेला नाही. आणि ज्यांच्या शिवारातून रस्ता जातो त्यांचे काय? तो बंदिस्त रस्ता आहे. ट्रॅक्टरला, दुचाकीला, बंडीला वर मज्जाव. वावराचे दोन तुकडे झाले असतील तर पलीकडच्या तुकड्यात जायला खालच्या बोगद्यापर्यंत वळसा. शहरातल्या गाडीचे जेवढे तास वाचले, त्यातली काही मिनिटे रोज सकाळ-संध्याकाळ इथल्या बैलजोडीच्या पायांतून वसूल होतात. हा खर्च प्रकल्प अहवालाच्या कोणत्या रकान्यात लिहितात?

रस्त्याचा आर्थिक हिशेब कसा मांडतात ते समजून घेण्यासारखे आहे. वाचलेले इंधन, वाचलेला वेळ, टायर-ट्यूबची कमी झालेली झीज, टळलेले अपघात हे लाभाच्या बाजूला. बांधकाम, देखभाल आणि जमिनीची किंमत खर्चाच्या बाजूला. वेळेची किंमत गाडीत बसलेल्याच्या कमाईवरून ठरते. म्हणजे मोटारीत बसलेल्या माणसाचा तास महाग आणि बांधावरून डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या बाईचा तास जवळपास फुकट. यात कुणाचा दुष्टपणा नाही. जी पद्धत आहे तीच तशी आहे. पण पद्धत तशी असली की नकाशावरची रेघ आपोआप मोटारीच्या सोयीने वळते.

आम्ही रस्त्यांच्या विरोधात नाही, हे इथेच सांगून टाकू. आष्टीत बसून कुणी रस्त्याला नको म्हणेल तर त्याला बाळंतीण घेऊन रात्री आर्वीला किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जावे लागलेले नसेल. पुलगाव-आर्वी ही छोटी रेल्वे 1917 साली सुरू झाली ती कापूस वाहायला. आष्टीपर्यंत ती आलीच नाही आणि पुढे आर्वीचीही बंद पडली. ती मोठ्या रुळांची करून आष्टीमार्गे वरुडपर्यंत न्यावी, ही मागणी म्हाताऱ्यांनी केली, त्यांच्या मुलांनी केली, आता नातवंडे निवेदने देतात. तिकडे नरखेड-अमरावती मार्गावर वरुडला ‘वरुड ऑरेंज सिटी’ असे नाव मिळालेले स्थानक झाले. आपल्या पट्ट्यातला संत्रा मात्र अजून बहुतेक ट्रकनेच निघतो. मुलताईहून वरुड, आष्टी, तळेगाव, आर्वी असा वर्ध्याकडे येणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ठरला तेव्हा इथे कुणी शोक केला नाही. सगळ्यांना तो हवाच होता.

प्रश्न रस्ता हवा की नको असा कधीच नसतो. गावाला तो तसाच विचारला जातो, आणि त्याचे उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असते. कुठून, किती उंच, पाण्याला वाट कुठे, जनावरांना वाट कुठे, मुरूम कुणाच्या टेकडीचा, हे प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हा रेघ ओढून झालेली असते.

पाण्याचेच घ्या. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. अशा जमिनीत रस्ता टिकवायचा तर भराव टाकून तो उचलावा लागतो, त्यात अभियंत्याची चूक नाही. पण उचललेला रस्ता म्हणजे लांबच लांब बांध. मोऱ्या कुठे आणि किती रुंद ठेवायच्या हे पर्जन्यमानाच्या आकड्यांवरून आणि नाल्याच्या नोंदींवरून ठरते. मोजणीला माणसे येतात बहुधा उन्हाळ्यात. तेव्हा नाला म्हणजे दगडगोट्यांची वाट. शिवारातल्या म्हाताऱ्याला ठाऊक असते की अमक्या ठिकाणी दर चार-पाच वर्षांनी पाणी नाला सोडून आडवे फिरते. ते फिरणे कोणत्याही नकाशावर नसते. मग एका जोरदार पावसात भरावाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते, दोन दिवस उभे राहते. कपाशी पिवळी पडते, ती एका हंगामाची हानी. संत्र्याचे तसे नाही. संत्र्याच्या मुळाशी पाणी साचले की डिंक्या लागतो, खोडातून डिंक गळू लागतो आणि झाड हळूहळू जाते. सहा-सात वर्षे लेकरासारखे वाढवलेले, आंबिया बहार धरू लागलेले झाड. जमीन रस्त्यात गेलेल्याला मोबदला मिळतो. ज्याची जमीन गेली नाही, फक्त तिच्यात पाणी शिरू लागले, तो भूसंपादनाच्या यादीत नसतो. त्याने अर्ज कुणाकडे करायचा? आपल्या व्यवस्थेत बाधित म्हणजे ज्याचा सातबारा कापला गेला तो. पाण्याला सातबारा वाचता येत नाही.

जनावरांची गोष्टही अशीच. आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यातली गवळाऊ गाय आपल्या मातीची. पांढरी, सडपातळ, चपळ. या जातीचे बैल झपाझप चालतात म्हणून मराठ्यांच्या फौजांनी सामान वाहायला ते वापरले, असे पशुसंवर्धनाची पुस्तके सांगतात. म्हणजे एके काळी या भागाची वाहतूक म्हणजेच ही जनावरे होती! आज गवळ्यांचे कळप चराईला जंगलाकडे निघतात आणि वाटेत कुंपण येते, दुभाजक येतो, भरधाव गाड्या येतात. कळपाचा रस्ता कोणत्याही आराखड्यात रस्ता म्हणून नोंदलेला नाही.

आणि वाघ. बोरचे जंगल 2014 साली व्याघ्र प्रकल्प झाले, देशातल्या सर्वांत लहानांपैकी एक. एवढ्याशा जंगलात वाघ मावत नाही, तो बाहेर पडतोच. कोंढाळी, कारंजा, तळेगाव, आष्टी ही वनक्षेत्रे त्याच्या येण्याजाण्याची वाट आहे. ती वाट नागपूर-अमरावती महामार्गाने कापली जाते. डिसेंबर 2017 च्या अखेरीस बोरचा ‘बाजीराव’ नावाचा वाघ याच महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. बातमी देशभर गेली, चार दिवस हळहळ झाली.

याच्या उलट उदाहरण फार लांबचे नाही. नागपूरहून शिवनीकडे जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करताना वन्यजीवप्रेमी अडून बसले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले, कामाला उशीर झाला, विकासाला आडवे येणारे म्हणून शिव्याही बसल्या. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता जागोजागी उचलून खालून प्राण्यांसाठी नऊ वाटा ठेवल्या गेल्या. त्यांतली सर्वांत रुंद 750 मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये तिथे कॅमेरे लावले तेव्हा वाघासह 18 जातींचे प्राणी त्या वाटांनी जाताना टिपले गेले. रस्ता झाला, ट्रक धावताहेत, वाघही खालून जातो. आडवे येणाऱ्यांनी रस्ता अडवला नव्हता, तो सुधारून घेतला होता. फक्त ते वेळेवर आडवे आले.

वेळेवर आडवे येण्याची सोय कायद्यात असायला हवी, आणि ती आहे असा आपला समज असतो. इथे थोडे थांबून पाहावे लागेल, कारण या बाबतीत 2013 हे मोठे विचित्र वर्ष होते. त्या वर्षी नवा भूसंपादन कायदा आला. प्रकल्पाआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास, गावात सुनावणी, असे पुष्कळ चांगले त्यात होते. पण त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीने राष्ट्रीय महामार्ग कायद्याला त्यातून वगळले. पुढे वाढीव मोबदला महामार्गांना लागू झाला, सामाजिक अभ्यास झाला नाही. राज्याने 2018 मध्ये दुरुस्ती करून महाराष्ट्र महामार्ग कायद्यालाही तीच पळवाट करून दिली. त्याच 2013 च्या फेब्रुवारीत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पत्र काढले: रस्ता, कालवा, पाइपलाइन अशा लांबच लांब प्रकल्पांसाठी वनहक्क कायद्याखालची ग्रामसभेची संमती सर्वसाधारणपणे लागणार नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पर्यावरण मंजुरीचे निकष सैल झाले. जुना राष्ट्रीय महामार्ग रुंद करायचा असेल तर तो 100 किलोमीटरहून लांब आणि वाढीव जागा 40 मीटरहून जास्त असेल तरच मंजुरी हवी. त्याआधी ही मर्यादा 30 किलोमीटर आणि 20 मीटर होती. आपल्या तालुक्यातल्या रस्त्यासारखी कामे त्या चाळणीतून अलगद खाली पडतात. मग मार्च 2020 मध्ये, देशात टाळेबंदी असताना, अशा प्रकल्पांसाठी माती-मुरूम काढायलाही पर्यावरण मंजुरीतून सूट दिली गेली. ही सूट सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये रद्द केली. मधल्या चार वर्षांत किती टेकड्या उतरल्या ते ज्यांच्या गावाशेजारी उतरल्या त्यांना विचारा.

यामागचा युक्तिवाद असा की लांबलचक प्रकल्प प्रत्येक गावाची थोडीथोडीच जमीन घेतो, म्हणून प्रत्येक गावाला विचारत बसायचे कारण नाही. धरण गाव बुडवते, रस्ता फक्त धुरा कापतो. ऊर्ध्व वर्धा धरणाने आपल्याच तालुक्यातली गावे उठवली. बुडणे म्हणजे काय ते इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. पण कापले जाणेही सोसावेच लागते. ते नजरेत भरत नाही एवढेच.

मग विचारणा उरते ती कुठे? राष्ट्रीय महामार्गासाठी जमिनीची पहिली अधिसूचना निघाल्यावर हरकतीला 21 दिवस. ती जाहिरात वर्तमानपत्रात येते, गट क्रमांकांच्या रांगा असलेली. आमच्याच व्यवसायाचे म्हणून कबूल करतो, ती आम्हीही वाचत नाही. पर्यावरणाची जनसुनावणी जिथे होते तिथे ती आराखडा ठरल्यानंतर. माणूस उठून बोलतो, टाळ्या पडतात, इतिवृत्तात ‘सूचनांची नोंद घेतली’ असे येते. रेघ जागची हलत नाही.

रेघ हलवायला मग दुसरेच उपाय लागतात. पवनार ते पत्रादेवी असा 802 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला. कोल्हापूर-सांगलीकडचे बागायतदार रस्त्यावर उतरले, लोकसभेच्या निवडणुकीत त्याचा फटका बसल्याची चर्चा झाली आणि 2024 च्या विधानसभा निवडणुकीआधी कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली गेली. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्पाला पुन्हा मंजुरी दिली. कोल्हापूरच्या शेतकऱ्याचा आवाज ऐकू गेला, चांगले झाले. पण ऊस पिकवणाऱ्या, कारखाने आणि बँका हाताशी असलेल्या जिल्ह्याचा आवाज मुंबईत पोहोचतो आणि वर्धा-यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटेतच विरतो, तेव्हा याला नियोजन म्हणायचे की ताकदीची मोजणी? तो रस्ता सुरू होतो पवनारपासून, हेही लक्षात राहते. ज्या माणसाने 1951 पासून गावोगाव पायी फिरून जमीन मागितली आणि लोकांनी ती दिली, त्याचा आश्रम तिथे धाम नदीच्या काठावर आहे. मागितलेली जमीन आणि संपादित केलेली जमीन यांत फरक असतो. विनोबांना तो समजावून सांगावा लागला नसता.

2020 च्या पावसाळ्यात वर्धा-सेवाग्राम रस्त्यावर झाडे पडू लागली. रुंदीकरण होते. गांधीजींच्या काळातली ती झाडे म्हणून वर्धेकर जमले, झाडांपाशी उभे राहिले आणि तोड थांबली. तोवर कितीतरी झाडे गेली होती. कुऱ्हाड लागेपर्यंत कुणाला कळलेच नाही, हे आम्हाला जास्त लागते. तो रस्ता एवढा रुंद कशासाठी हवा, झाडांच्या बाहेरून दुसरी मार्गिका काढता येईल का, हे विचारायला गांधीजींच्या गावातही झाड पडावे लागले. आष्टीच्या रस्त्यावरच्या कडुलिंबांसाठी कोण जमणार?

महामार्गाने खेड्याला नेमके काय दिले हे पाहायचे असेल तर महामार्गावरच्या कोणत्याही उड्डाणपुलाखाली संध्याकाळी उभे राहावे. जलद गाडी वरून निघून जाते, हात दाखवणारा खाली राहतो. संत्र्याचा भावही रस्त्याने ठरत नाही. बांगलादेशाने 2019 पासून आयात शुल्क वाढवत किलोला 88 रुपयांपर्यंत नेले तेव्हा वरुड-आष्टीचा माल गुळगुळीत रस्त्यावरूनही मागे फिरला. आणि मृगाच्या पावसानंतर बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंत येणारी पांदण चिखलाने बंद होते, तो शेवटचा अर्धा मैल कोणत्याच महामार्गाच्या अंदाजपत्रकात बसत नाही. पांदण रस्त्यांसाठी योजना येतात, नावे बदलतात, अतिक्रमणाची मोजणी होते, शेजारी-शेजारी तहसीलमध्ये भेटतात. नागपूर प्लॅनचे पाच मैल केव्हाच पूर्ण झाले. त्यातला हा अर्धा मैल राहिला.

काल 15 ऑगस्टच्या ग्रामसभा झाल्या. घरकुलाच्या याद्या वाचल्या गेल्या असतील, पाणीपट्टीवरून बोलाचाली झाली असेल. आपल्या शिवारातून कोणता रस्ता कुठल्या विभागाने आखलाय, हे किती ग्रामसभांत कुणी विचारले? विचारले असते तर सांगायला तरी कोण हजर होते? कायदा सांगत नाही म्हणून आराखडा दाखवू नये, असेही कायदा सांगत नाही. बांधकाम विभागाने ठरवले तर प्रत्येक नव्या रस्त्याचा, रुंदीकरणाचा कच्चा नकाशा जमीन मोजायच्या आधी, गट क्रमांकांऐवजी नाल्यांची आणि वावरांची नावे घालून, चावडीवर लावता येईल. त्याला ना नवा अध्यादेश लागतो ना निधी.

आणि एक काम याच महिन्यात करता येण्यासारखे आहे. आष्टी-तळेगाव पट्ट्यात जिथे जिथे नवी मोजणी व्हायची आहे, तिथे अभियंत्याने उन्हाळ्याची वाट न पाहता आत्ता, श्रावणात, ती रेघ एकदा पायी चालावी. जीप वेशीवर ठेवून. सोबत त्या शिवारातला एक म्हातारा, एक गुराखी आणि शेतात मजुरीला जाणारी एक बाई असावी. म्हातारा नाल्यापाशी काठी टेकवून म्हणेल, “साहेब, पाणी इथून नाय जात, तिकडून फिरते.” ते लिहून घ्यायला वही हवी, आणि मोरीची जागा बदलायची तयारी. पोळ्याच्या आत हे होऊ शकते. पोळ्यानंतर पाणी उतरते, नाले पुन्हा गप्प होतात.